नावात 'इंटरनॅशनल', हातात १८ महिने: ब्रिटनमधली बिझनेसची मास्टर्स घेण्याआधी हे गणित समजून घ्या

तुमच्या ओळखीत असं एक तरी घर असेल. मुलाचं किंवा मुलीचं बी.कॉम., बीबीए किंवा इंजिनिअरिंग झालंय, सप्टेंबरला लंडन, बर्मिंगहॅम किंवा लेस्टरला जायचंय आणि कोर्स आहे 'एमएससी इंटरनॅशनल बिझनेस' किंवा 'इंटरनॅशनल मॅनेजमेंट'. वडिलांनी घराची कागदपत्रं बँकेत दिली आहेत. विमानतळावरचा फोटो स्टेटसला पडतो, अभिनंदनाचे मेसेज येतात.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत या फोटोच्या मागचं गणित बदललंय. ब्रिटनने अभ्यासक्रमाला हात लावलेला नाही, पदवीही तीच आहे. बदललाय तो पदवीनंतर तिथे थांबून नोकरी शोधण्याचा काळ आणि त्या नोकरीची अट. कर्ज फिटणार की नाही, हे मुख्यतः त्यावरच ठरतं.

नेमकं काय बदललं? क्रमाने बघूया.

दोन वर्षांचे झाले दीड वर्ष

शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये काम करण्याची सवलत २०१२ मध्ये बंद झाली होती. जुलै २०२१ मध्ये ती 'ग्रॅज्युएट रूट' या नावाने पुन्हा सुरू झाली. पदवी मिळाली की दोन वर्षं थांबा, कोणतीही नोकरी करा किंवा शोधा, त्यासाठी कंपनीच्या स्पॉन्सरशिपची गरज नाही, अशी ही सोय. पीएच.डी. केलेल्यांना तीन वर्षं. भारतीयांनी याचा सर्वाधिक फायदा घेतला. तिथल्या स्थलांतर सल्लागार समितीने मे २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, या मार्गाने व्हिसा मिळालेल्यांमध्ये ४० टक्क्यांहून जास्त भारतीय होते.

त्यानंतर नियम एकेक करून कडक होत गेले.

जानेवारी २०२४ पासून शिकवणीवर आधारित मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेणं जवळपास बंद झालं.

एप्रिल २०२४ मध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी लागणारा किमान वार्षिक पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंड झाला. जुलै २०२५ मध्ये तो ४१,७०० पौंड झाला. त्याच वेळी नोकरी पदवीधर पातळीचीच असली पाहिजे अशी अट आली आणि शंभरहून अधिक प्रकारची कामं यादीतून बाहेर गेली.

आणि आता १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूटसाठी अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. पीएच.डी.वाल्यांची तीन वर्षं कायम आहेत.

म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारी बॅच सरळ १८ महिन्यांच्या नियमात येते. सप्टेंबर २०२५ ला गेलेले कडेवर आहेत. त्यांचा निकाल वेळेत लागला आणि डिसेंबर २०२६ संपण्याआधी अर्ज गेला तर दोन वर्षं. प्रबंध पुन्हा सादर करावा लागला आणि तारीख जानेवारीत गेली, तर सहा महिने हातचे गेले.

मग दरवाजा बंद झालाय का?

नाही. अरुंद झालाय.

४१,७०० पौंडांचा आकडा बघून घाबरायला होतं, पण नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांना 'न्यू एंट्रंट' म्हणून सवलत आहे. त्यांच्यासाठी किमान पगार ३३,४०० पौंड आहे. मात्र त्या कामाचा सरकारने ठरवलेला जो प्रचलित दर असेल, त्याच्या किमान ७० टक्केही पगार असावा लागतो. यातली जी रक्कम जास्त, ती लागू.

या सवलतीला मुदत आहे. ती जास्तीत जास्त चार वर्षं मिळते आणि ग्रॅज्युएट रूटवर काढलेले महिने त्यातच मोजले जातात. चार वर्षं संपली की पूर्ण पगाराची अट लागते.

शिवाय कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स हवं. मोठ्या कंपनीला परदेशी कर्मचाऱ्यासाठी 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' म्हणून वर्षाला १,३२० पौंड सरकारला भरावे लागतात, कागदोपत्री काम वेगळं. मार्केटिंग, एचआर किंवा सेल्समधल्या सुरुवातीच्या जागेसाठी तिथलेच पदवीधर रांगेत असताना कंपनीने हा खर्च का करावा? मुलाखतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण निवड होताना तो मनात असतोच.

खर्चाचा हिशोब

आता आकडे मांडू. एक पौंड ११५ ते १२० रुपये धरू.

लंडनबाहेरच्या मध्यम दर्जाच्या विद्यापीठाची फी २०,००० पौंड धरली. नामांकित विद्यापीठांमध्ये ती ३०,००० पौंडांच्या वरही जाते. राहण्या-खाण्यासाठी २०२५-२६ च्या नियमानुसार लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात, म्हणजे १०,५३९ पौंड. विद्यार्थी व्हिसाची फी २०२५-२६ मध्ये ५२४ पौंड होती. आरोग्य अधिभार साधारण १,१६४ पौंड.

बेरीज ३२,००० पौंडांच्या पुढे. रुपयांत ३७ ते ३९ लाख. विमानाचं तिकीट आणि उरलेले तीन महिने यात धरलेले नाहीत.

पुढे १८ महिने थांबायचं तर ग्रॅज्युएट व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार मिळून आणखी २,४०० पौंडांहून जास्त, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर.

समजा ३५ लाख कर्ज काढलं. ११ टक्के व्याज, १० वर्षं मुदत. शिकत असताना साठणारं व्याज बाजूला ठेवलं तरी महिन्याचा हप्ता ४८,००० रुपयांच्या वर जातो.

आता हाच हप्ता दोन ठिकाणी ठेवून बघा.

ब्रिटनमध्ये ३३,४०० पौंडांची नोकरी लागली तर कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता महिन्याला सुमारे २,३०० पौंड हातात येतात. हप्ता साधारण ४१० पौंड. काटकसर करावी लागेल, पण जमेल.

पुण्यात परत येऊन वर्षाला ६ लाखांची नोकरी लागली तर महिन्याला ५०,००० रुपये, तेही पीएफ वगैरे कापण्याआधी. हप्ता ४८,०००.

मुलगा तोच, पदवी तीच. फरक एका स्पॉन्सर लेटरचा. या निर्णयातली खरी जोखीम इथे आहे आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

एवढी विद्यापीठं हाच कोर्स का विकतात?

इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फीवर सरकारची मर्यादा आहे. २०१७ पासून ती ९,२५० पौंडांवर अडकली होती, २०२५-२६ मध्ये ९,५३५ झाली. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर मर्यादा नाही. स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवण्यात आणि संशोधनात येणारी तूट विद्यापीठं परदेशी फीतून भरून काढतात.

आणि बिझनेसच्या कोर्सला प्रयोगशाळा लागत नाही. मोठा हॉल, प्राध्यापक, लायब्ररी आणि सॉफ्टवेअर एवढ्यावर दोनशे मुलांची बॅच चालते. परदेशातून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये बिझनेस आणि मॅनेजमेंट हाच सर्वात मोठा विषय आहे.

यात फसवणूक आहे असं नाही. पण तुम्हाला प्रवेश मिळणं आणि तुमची निवड होणं यात फरक आहे, तो लक्षात ठेवा. इथल्या एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून त्याचा सल्ला तुम्हाला 'फुकट' असतो.

दुसऱ्या देशात सोपं आहे का?

तिथेही कोर्सच्या नावापेक्षा नियमातली वर्गवारी जास्त बोलते.

अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं. विषय 'स्टेम' यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. 'इंटरनॅशनल बिझनेस' त्या यादीत नाही, 'मॅनेजमेंट सायन्स' आणि 'बिझनेस अ‍ॅनॅलिटिक्स' आहेत. एकाच इमारतीतल्या दोन कोर्समध्ये दोन वर्षांचा फरक.

कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजमधल्या डिप्लोमांसाठी विषयांची यादी लावली. बिझनेसचे डिप्लोमा त्या यादीबाहेर राहिले. विद्यापीठाची बॅचलर किंवा मास्टर्स पदवी असेल तर ही विषयाची अट लागत नाही.

विषयात दम आहे का?

आहे, आणि आज तर जास्तच. भारत आणि ब्रिटनमध्ये २४ जुलै २०२५ ला व्यापार करारावर सह्या झाल्या. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेन्स्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. युरोपीय संघाचा कार्बन कर जानेवारी २०२६ पासून पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट यांसारख्या मालावर प्रत्यक्ष सुरू झालाय.

करार झाला की सवलत आपोआप मिळत नाही. माल खरोखर भारतात तयार झालाय हे 'रूल्स ऑफ ओरिजिन'प्रमाणे सिद्ध करावं लागतं. एचएस कोड चुकला तर शुल्क बदलतं. लेटर ऑफ क्रेडिटमधला एक शब्द आणि बिल ऑफ लेडिंगमधला शब्द जुळला नाही, तर बँक पैसे अडवू शकते. नाशिकची द्राक्षं पाठवणारा असो की इचलकरंजीचं कापड, दोघांनाही हे जाणणारा माणूस हवा असतो. न्हावा शेवा हे देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक, तेही आपल्या दारात आहे.

गंमत अशी की 'इंटरनॅशनल बिझनेस'च्या अनेक कोर्समध्ये ही कामं फारशी शिकवलीच जात नाहीत. तिथे स्ट्रॅटेजी, मार्केटिंग, वेगवेगळ्या संस्कृतींतल्या टीम सांभाळणं असे विषय असतात. ते वाईट नाहीत, पण ते घेऊन बाहेर पडणारे हजारो असतात.

भारतातही पर्याय आहेत. व्यापार मंत्रालयाखालची आयआयएफटी १९६३ पासून हाच विषय घेऊन उभी आहे. परदेशी विद्यापीठंही इथे येऊ लागली आहेत. साउथॅम्प्टन विद्यापीठाने २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये वर्ग सुरू केले, तर यॉर्क, अ‍ॅबर्डीनसह पाच संस्थांना जून २०२५ मध्ये मुंबईत इरादापत्रं दिली गेली. इथे पदवी परदेशी मिळेल, पण तिच्यासोबत ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा येणार नाही, हेही समजून घ्या.

जायचंच असेल तर

फी भरण्याआधी ही पाच कामं करा.

१. कोर्सची विषययादी उघडा. ट्रेड फायनान्स, सप्लाय चेन, डेटा अ‍ॅनॅलिटिक्स यांपैकी काही आहे का? कंपनीत प्रत्यक्ष काम करण्याची, म्हणजे प्लेसमेंटची संधी आहे का?

२. त्याच कोर्सचे दोन वर्षांपूर्वीचे भारतीय विद्यार्थी लिंक्डइनवर शोधा आणि आज ते काय काम करतात ते बघा. एजंटने दिलेली यशोगाथा धरू नका.

३. ब्रिटिश सरकारची स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे. तुमच्या क्षेत्रातल्या कोणत्या कंपन्या त्यात आहेत ते आधीच लिहून ठेवा.

४. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट योजनांचे अर्ज साधारण एक वर्ष आधी निघतात. सप्टेंबरला उतरलात तर पहिला अर्ज ऑक्टोबरमध्येच गेला पाहिजे. परीक्षा झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची एक फेरी हुकते.

५. परत यावं लागलं तर हप्ता कोण आणि कशातून भरणार, हे घरात सगळ्यांनी बसून कागदावर मांडा.

पाचवं काम सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात अपशकुन केल्यासारखं वाटतं. पण आईवडिलांनी घर तारण ठेवलंय, तर हा हिशोब बघण्याचा त्यांना हक्क आहे. तो मांडूनही आकडे जुळत असतील तर निर्धास्त जा. नसतील जुळत, तर दोन वर्षं नोकरी करून, अनुभव आणि थोडी बचत घेऊन जाता येतं. विद्यापीठं तेव्हाही प्रवेश देतील, आणि स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीसमोर बसताना तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.