आधी डिस्क बदला

तालुक्याच्या गावात संगणक रखडायला लागला, की सल्ले दोनच मिळतात: फॉरमॅट मारा, नाहीतर नवा घ्या. पहिल्याने चार महिने बरे जातात, दुसऱ्याने खिसा रिकामा होतो. जिंतूरला हे जरा जास्तच महागात पडते. रेल्वे नाही, परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी चढायची तर डबा गाडीत घालून तिकडे किंवा थेट छत्रपती संभाजीनगरला न्यायचा. सेतू केंद्र, झेरॉक्स-डीटीपीचे दुकान, शाळेची संगणक खोली, पतसंस्थेचे काउंटर अशा जागी आठ-दहा वर्षांचे डेस्कटॉप रोज राबत असतात. त्यांना म्हातारे ठरवण्याची घाई होते आहे, असे माझे मत आहे. त्यांच्यातला थकलेला भाग बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे फिरती हार्डडिस्क. ती काढून एसएसडी बसवणे हा पहिला उपाय असायला हवा; आज तो कुणाला सुचलाच तर शेवटी सुचतो.

याचा हिशेब साधा आहे. नेहमीच्या डेस्कटॉप डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे जास्त. शिवाय टोक त्या पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली ही डिस्क सेकंदाला सत्तर-ऐंशीच उचलणार. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस जागा होताना, ब्राउझर उघडताना अशाच हजारो तुकड्यांची मागणी असते. प्रोसेसर हात बांधून बसलेला आणि डिस्कचा लाल दिवा सतत पेटलेला, हे दृश्य त्यातूनच येते. एसएसडीत फिरणारे काही नाही. तोच तुकडा ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात काढून देते. मग जुन्या मदरबोर्डचे सॅटा पोर्ट सेकंदाला सहा गिगाबिटऐवजी तीनचेच असले तरी फार बिघडत नाही. सलग मोठी फाइल हलवताना तो फरक जाणवेल. पण दुकानातले काम सलग नसते.

खोलात गेले की अडचणी दिसतात, आणि त्या लपवून चालणार नाहीत. पिन रुंद पट्टीची असेल, तर ते आयडीई मशीन. त्याच्यावर खर्च करू नये, कन्व्हर्टरचे खेळ टिकत नाहीत. सॅटा असेल तर एसएसडी अडीच इंची आणि खाचा साडेतीन इंची, म्हणून पत्र्याचे ब्रॅकेट लागते. पॉवर सप्लायला सॅटाची चपटी पिन नसेल तर चार पिनांवरून जोडणारी वायर लागते. दोन टेराबाइटहून मोठी डिस्क स्वस्त मिळाली म्हणून जुन्या बायोसच्या मशीनला लावण्यात अर्थ नाही. एमबीआर पद्धतीत क्षेत्रांचे क्रमांक 32 बिटांचे, क्षेत्र 512 बाइटचे, त्यामुळे त्यापुढची जागा हाती येत नाही. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे जुनी एक्सपी जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणे. एक्सपी पहिले पार्टिशन 63व्या क्षेत्रापासून सुरू करते. 2011च्या सुमारापासून डिस्क आतून 4096 बाइटच्या क्षेत्रांच्या बनू लागल्या आणि हा मेळ तिथे चुकतो. मग नवी डिस्क लावूनही संगणक मंदच राहतो आणि दोष डिस्कच्या माथी जातो. लग्नपत्रिकांच्या डीटीपीवाल्यांचा पेच वेगळा: श्रीलिपी किंवा आकृतीचे जुने फॉन्ट, पेजमेकरच्या फायली आणि यूएसबीला लटकलेले लॉक. त्यांनी विंडोज नव्याने मारण्याआधी हे सगळे दुसऱ्या डिस्कवर चालवून पाहावे.

मोठा आक्षेप विंडोजचा. विंडोज 10ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि विंडोज 11 टीपीएम 2.0 मागते, इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर जवळपास सगळेच तिच्या यादीबाहेर आहेत. मग एसएसडी घालून उपयोग काय? बँकेचे व्यवहार आणि लोकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या मशीनबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे नवा संगणक घ्यावा. पण शाळेच्या खोलीतल्या संगणकांना हा नियम का लावायचा? केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर केव्हाच रुळवले आहे. सी-डॅकची बॉस लिनक्स आपल्याच देशातली आहे. आपल्याकडे मात्र विंडोज गेली की प्रयोगशाळेला कुलूप. दुसरा आक्षेप असा, की पीक विम्याच्या मुदतीत रांग थांबते ती सर्व्हरमुळे. खरे आहे, तेवढा वेळ एसएसडी वाचवणार नाही. पण वीज गेली, यूपीएसने मान टाकली आणि मशीन पुन्हा सुरू करावे लागले, तेव्हा रांगेतला शेतकरी सर्व्हरसाठी थांबलेला नसतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: फिरती डिस्क मरण्याआधी बहुधा कुरकुरते, एसएसडी अनेकदा काही न सांगता जाते. म्हणून एसएसडीवर काम करावे आणि नक्कल दुसरीकडे ठेवावी. ज्याला नक्कल ठेवायची सवय नाही, त्याने हा बदल करूच नये.

राहिली काढलेली डिस्क. तिच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो लोकांचे आधार, पासबुकाची पाने, सातबारे, जातीचे दाखले पडलेले असतात. डिलीट केले किंवा झटपट फॉरमॅट मारला तरी मजकूर डिस्कवरच राहतो. तो परत काढणारी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. आपल्याकडे तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर किलोने जातो. ती डिस्क चालू असेल तर तारीख लिहून कपाटात ठेवा, वर्षभर नक्कल म्हणून कामी येईल. बिघडली असेल तर उघडून तबकडी फोडा, आणि हे काम दुकानदाराने आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे.