माणशी एक ओमर



गणनाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय एकदा भाजीबाजारात उभे राहून वाचावा, असे मला हल्ली वाटते. पाचव्या वचनात इस्राएल लोक मिसर देशातल्या कोणत्या खाण्यासाठी रडले त्याची यादी आहे. मासे, काकड्या, खरबुजे, हिरवी भाजी, कांदे, लसूण. मासे सोडले तर ही सगळी यादी आमच्या भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात, अरेरा कॉलनीत, दहा पावलांच्या आत सापडते. संध्याकाळी दिवे लागले की काकड्यांवर पाणी शिंपडलेले असते, लसणाच्या जुड्या गोणपाटावर मांडलेल्या असतात, आणि भाववाले ओरडत असतात. मी पिशवी घेऊन तिथे जातो, आणि प्रत्येक वेळी ती यादी आठवते.

त्या यादीत एक शब्द आहे, तो आपण वाचताना सहज ओलांडून जातो. ते म्हणतात, मिसरात आम्ही मासे फुकट खात होतो. फुकट! ज्यांच्या पाठीवर मुकादमांचे फटके बसत होते, ज्यांना विटांसाठी पेंढाही मिळत नव्हता, ज्यांची पोरे नदीत फेकली गेली होती, ती माणसे म्हणतात फुकट. रानात पोट रिकामे झाले की मागचे दिवस गोड लागतात, आणि त्या दिवसांची किंमत कोणी आणि कशी मोजली ते विसरले जाते. इस्राएल लोकांना हसण्याचे कारण नाही. आमच्या मंडळीतही जुन्या काळाच्या गोष्टी निघाल्या की असेच होते.

पण आज मला कुरकुरीवर लिहायचे नाही. उपदेशांतून आपण कुरकुरीवर पुष्कळ ऐकतो. आपण रानाची गोष्ट ऐकतो ती नेहमी अशी : लोक कुरकुरले, देव रागावला, म्हणून आपण कुरकुरू नये, भरवसा ठेवावा. यात खोटे काही नाही. मात्र निर्गमच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वराने भरवसा कसा शिकवला ते नीट पाहिले तर गोष्ट वेगळीच निघते.

मिसर सोडून त्यांना जेमतेम एक महिना झाला होता. तांबड्या समुद्रातून पार आल्यावर तीन दिवसांतच मारा येथे कडू पाण्यावरून तक्रार झाली. मग एलीम आले, बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे. एलीमच्या पुढे सीनचे रान, आणि तिथे भाकरी संपली. देवाने त्यांना त्या वेळी भरवशावर प्रवचन दिले नाही. त्याने एक माप दिले. माणशी एक ओमर, आजच्या हिशेबाने साधारण दोन लिटर. ज्याच्या तंबूत जितकी माणसे तितके ओमर. कोणी जास्त गोळा केले, कोणी कमी, आणि घरी आणून मापले तेव्हा जास्तवाल्याकडे उरले नाही आणि कमीवाल्याला कमी पडले नाही. दुसरी आज्ञा अशी की सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. काहींनी ठेवले. त्यात किडे पडले आणि घाण सुटली.

म्हणजे रानातला भरवसा हा मनातला भाव नव्हता. तो स्वयंपाकघरातला नियम होता. रात्री भांडे रिकामे करून झोपायचे. लहान मुले तंबूत आहेत, बाहेर वाळू आहे, उद्याचे काहीच घरात नाही, आणि तरी झोपायचे. हे एकदा नाही, चाळीस वर्षे. आठवड्यात एकच सुटका, सहाव्या दिवशी दुप्पट, शब्बाथासाठी. ते दुप्पट मात्र नासत नसे. मोशेने पुढे अनुवादाच्या आठव्या अध्यायात सांगितले की देवाने तुम्हाला उपाशी ठेवले आणि मग मान्ना खाऊ घातला, तो तुम्हाला शिकवण्यासाठी. भुकेसह शिकवले, भुकेशिवाय नाही. मला हे वाक्य सोपे वाटत नाही, आणि ज्यांना सोपे वाटते त्यांच्या घरात डबे भरलेले असतात असा माझा अनुभव आहे.

माझ्याही घरात भरलेले आहेत, म्हणून आता स्वतःचे सांगतो.

आमच्या मंडळीत एक मदतनिधी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यासाठी वेगळी थैली फिरते. कोणी दहा रुपये टाकतो, कोणी पाचशे. गेली सहा वर्षे त्याचा हिशेब मी ठेवतो. थोडे थोडे करून एक लाख चाळीस हजार झाले, तेव्हा कमिटीने त्याची मुदतठेव केली. ती करायची सूचना माझीच होती. पैसे पडून राहण्यापेक्षा व्याज मिळेल, आणि वाईट दिवसांसाठी हाताशी काही असेल, असे मी म्हणालो होतो. सगळ्यांना पटले.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एक भाऊ घसरून पडला. तो लोडिंग ऑटो चालवतो, पहाटे बाजारात भाजीची पोती पोहोचवतो. पायाचे हाड मोडले, तीन महिने बसून राहावे लागणार होते. घरी बायको, दोन मुली, भाड्याची खोली. अर्ज आला. त्याने स्वतः लिहिलेला नव्हता, मोठ्या मुलीच्या अक्षरात होता. कमिटी बसली. मी पुस्तक उघडले आणि सांगितले की ठेवीची मुदत अजून आठ महिने आहे, मध्ये मोडली तर व्याज जाईल, आणि एकाला इतके दिले तर उद्या दुसऱ्याला काय सांगायचे? कोणी विरोध केला नाही. मग सगळ्यांनी मिळून पाच हजार रुपये दिले, आणि त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायचे ठरले. प्रार्थना मी केली. प्रभू, तू रानात तुझ्या लोकांना मान्ना दिलास, तसाच या घराचाही मार्ग काढ, असे मी म्हणालो. त्याची बायको आमेन म्हणाली.

निघताना तिने आम्हाला चहा दिला.

त्या भावाने ऑटो विकला. आता तो दुसऱ्याचा चालवतो, रोजाने. रविवारी उपासनेला येतो, माझ्याशी हात मिळवतो, तक्रारीचा एक शब्द नाही. एकदा हाटात भेटला तेव्हा कोबीच्या पोत्याखाली वाकलेला होता, आणि मला पाहून म्हणाला, "सलाम भाऊ, प्रभूची कृपा आहे." मी भाजी न घेताच घरी आलो. घरी विचारले तेव्हा गर्दी होती म्हणून सांगितले.

बंधुभगिनींनो, त्या प्रार्थनेत मी काय केले ते मला कळायला काही महिने लागले. भरवशाची आज्ञा मी त्याच्यावर टाकली आणि मान्ना आमच्याकडे ठेवला. रात्रभर रिकाम्या भांड्याने झोपायचे ते त्याने, आणि आमचे भांडे बँकेत भरलेले. आमच्या मान्न्याला घाण सुटली नाही, कारण बँक व्याज देते. इस्राएल लोकांना दुसऱ्या दिवशी सकाळी वासावरून कळले की आपण चुकलो. आम्हाला तेवढीही सोय नव्हती.

पौलाने निर्गमातले ते ओमरचे वचन कुठे वापरले ते पाहा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, आणि विषय आहे यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी. तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढो, म्हणजे समानता होईल, असा त्याचा मुद्दा, आणि पुरावा म्हणून मान्ना. म्हणजे पौलाच्या वाचनात रानातला चमत्कार निम्मा आकाशातून झाला आणि निम्मा मापताना झाला. मी जन्मभर पहिला निम्माच ऐकला होता.

आता पंडिता रमाबाईंकडे येतो. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण 1896 आणि 1897 मध्ये त्यांनी नेमके काय केले हे फार थोडे सांगतात, आणि ते आपल्या या भागाशी जोडलेले आहे. त्या वर्षी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला होता. भोपाळ तेव्हा बेगमांचे संस्थान, पण इथून दक्षिणेला जाऊन नर्मदा ओलांडली की होशंगाबाद, तो मुलूख मध्य प्रांतातला. रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण त्याआधी वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

त्यांच्याकडे काय होते? 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात नेलेले शारदा सदन. ते विधवांच्या शिक्षणासाठी होते, दुष्काळपीडितांसाठी नव्हते. त्याला आधार होता बोस्टनमधल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि त्या आधाराची कबुली दहा वर्षांची होती. 1898 मध्ये ती मुदत संपणार होती. पुढच्या सोयीसाठी त्यांनी केडगावला शेतजमीन घेतली होती, फळझाडे लावावीत, उत्पन्नावर संस्था चालावी अशी दूरदृष्टीने. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर नव्या माणसांना घरात घेण्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. माझ्यासारखा खजिनदार तिथे असता तर मुदतीचा मुद्दा त्याने नक्की काढला असता.

रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास स्त्रिया व मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, अनेक जणी तर कसल्याही शिस्तीला न सरावलेल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, शहरात मुलींना ठेवणे अवघड झाले, आणि केडगावची जी जमीन उद्याच्या उत्पन्नासाठी होती ती आजच्या मुलींसाठी उघडली गेली. आधी तंबू आणि झोपड्या, मग मुक्ती. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि काही वर्षांत तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मला इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर रमाबाईंचा फोटो भिंतीवर लावून आपण मोकळे होतो. जमीन आधी घेतली नसती तर मुलींना उतरवायला जागाच नसती. त्यांनी साठवले होते. पण ज्या दिवशी भूक दारात आली त्या दिवशी साठवलेले मोडले, आणि ते ज्या कामासाठी ठेवले होते त्याच कामाला लागले पाहिजे असा हट्ट धरला नाही.

म्हणून साठवणे म्हणजे अविश्वास, असे मी म्हणणार नाही. कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ मला योसेफाची कोठारे दाखवतात, आणि त्यांचे बरोबर आहे. सात वर्षे धान्य साठवले नसते तर याकोबाचे कुटुंबच उरले नसते. पण उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी योसेफ काय करतो? दुष्काळ पडताच तो सगळी कोठारे उघडतो. मुदत पूर्ण व्हायची वाट पाहत नाही. आणि मान्न्याचेही एक भांडे जपून ठेवायला सांगितले होते, पुढच्या पिढ्यांना दिसावे म्हणून. किती? एक ओमर. एका माणसाचे एका दिवसाचे.

हे मी कमिटीपुढे मांडले. निधीत सहा महिन्यांच्या साध्या गरजांपुरते ठेवावे, बाकी दर वर्षी वाटून संपवावे, आणि जानेवारीत रिकाम्या थैलीने सुरुवात करावी. चर्चा लांबली. एका मावशींनी विचारले, "आणि फेब्रुवारीत कोणी आजारी पडला तर?" प्रश्न खरा आहे. त्यांच्या यजमानांच्या आजारपणात मंडळीकडे काहीच नव्हते, हे त्या विसरलेल्या नाहीत. मी म्हणालो, फेब्रुवारीतली थैली फेब्रुवारीसाठी. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरचं कोणी आजारी पडलं नाही अजून." मी गप्प बसलो. पाळकसाहेबांनी पुढच्या बैठकीवर विषय टाकला.

मावशींचे म्हणणे माझ्या मनातून जात नाही. इस्राएल लोकांनाही रोज संध्याकाळी हाच प्रश्न पडत असणार, आणि त्याचे उत्तर देवाने त्यांना शब्दांत कधी दिले नाही. रोज सकाळी जमिनीवर दिले. गिलगालला कनानचे धान्य खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत देत राहिला, मग थांबला. मावशींना दाखवायला माझ्याकडे अशी सकाळ नाही. फार तर एवढे सांगता येईल की त्यांच्या घरी ती सकाळ आणायचे काम आमचे होते, आणि आम्ही ते केले नाही, त्याच्या घरीही केले नाही.

ठेवीची मुदत येत्या सतरा तारखेला संपते. पावती माझ्याजवळ आहे. बँकेतून नूतनीकरणाचा फॉर्म आणायचा असतो, तो मी या वेळी आणलेला नाही. बैठक त्याच्या आदल्या रविवारी, उपासनेनंतर आहे, आणि त्या भावालाही मी यायला सांगितले आहे. तो म्हणाला, रविवारी बाजाराचे एक खेप आहे, पण बघतो.