गाव सावरले, खोऱ्याचे काय?

जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा सरपणासाठी तोडल्या जात होत्या, तेव्हा जालना तालुक्यातीलच कडवंची या गावच्या द्राक्षबागा हिरव्या होत्या. ते पाहण्यासाठी दूरदूरच्या शेतकऱ्यांची रीघ लागली. या हिरवाईच्या मुळाशी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झालेले भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम होते. स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या या कार्यक्रमाला पैसा जर्मन सरकारचा होता, व्यवस्था नाबार्डची होती आणि कडवंचीतील प्रत्यक्ष कामाची धुरा खरपुडीच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने वाहिली.

परदेशी साहाय्य म्हटले की आपल्याकडे एक तर भारावून जाण्याची किंवा नाक मुरडण्याची पद्धत आहे. येथे दोन्हींची गरज नाही. या कार्यक्रमात पैशापेक्षा अटी महत्त्वाच्या होत्या. गावाने आधी श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, स्वतःची पाणलोट समिती नेमावी. आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे करीत यावे. ज्याची जमीन माथ्यावर त्याने बांधबंदिस्ती केल्याखेरीज पायथ्याच्या विहिरीला पाणी लागत नाही, हे गावकऱ्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगितले नाही. ते त्यांनी कुदळ हाती घेऊन पाहिले.

परंतु गाव म्हणजे खोरे नव्हे. कडवंचीची कीर्ती झाली आणि मराठवाडाभर शेततळी निघाली. त्यांतील कित्येक पावसाच्या पाण्याने न भरता विहिरी व विंधनविहिरी उपसून भरली जातात. प्लास्टिकच्या अस्तरावर साठलेले हे पाणी उन्हाने उडून जाते आणि शेजाऱ्याची विहीर मात्र कोरडी पडते. ज्याच्याजवळ पंप त्याचे पाणी, असा हा न्याय झाला. भूजलाच्या नियमनासाठी राज्याने २००९ चा कायदा केला आहे. गावात त्याची ओळख क्वचितच कोणाला आहे.

खोऱ्याचा विचार जिल्ह्यात होतो तो जायकवाडीच्या निमित्ताने. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे भरतात आणि पैठणचा नाथसागर रिता राहतो, या तक्रारीत तथ्य आहे. जालना शहराची तहान याच जलाशयातून लांबवरून आणलेल्या नळाने भागते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी समन्यायी वाटपाचा आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत खरिपाचा वापर धरून ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असे त्याचे सूत्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो आदेश उचलून धरला. तरीही तुटीच्या वर्षी पाणी सुटते ते अर्ज, मोर्चे आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढून झाल्यावरच.

या वादात जालना पायथ्याशी आहे, म्हणून त्याचा आवाज मोठा आहे. दुधनेच्या खोऱ्यात मात्र तोच जालना माथ्यावर आहे, आणि तेथे तो गप्प आहे. कुंडलिका नदी जालना शहराचे सांडपाणी पोटात घेऊन दुधनेला मिळते. दुधनेच्या खालच्या अंगाला परभणी जिल्ह्यातील सेलूजवळ निम्न दुधनेचा जलाशय आहे आणि त्याच्या पाण्यावर जगणारी गावे आहेत. नाशिककडून जो न्याय मागावयाचा तो सेलूला द्यावयाचा नाही, ही भूमिका टिकणारी नाही.

ज्या जर्मनीचा पैसा कडवंचीत आला, तिच्याच ऱ्हाइन नदीचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १९५० साली काठच्या देशांनी नदीच्या संरक्षणासाठी आयोग नेमला. फ्रान्समधील पोटॅश खाणींचे क्षार नदीत येत आणि ते शेवटच्या टोकाच्या हॉलंडला भोवत. १९७६ च्या करारात ते रोखण्याचा खर्च वाटून घेण्यात आला : फ्रान्स व पश्चिम जर्मनी प्रत्येकी ३०, हॉलंड ३४ आणि स्वित्झर्लंड ६ टक्के. ज्याला उपद्रव होत होता त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलला! हे न्याय्य होते की नाही, यावर वाद होऊ शकेल. फ्रान्सनेही करारावर शिक्कामोर्तब करण्यास १९८५ पर्यंत वेळ लावला. पुढे १९८६ मध्ये बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागून नदीतील मासे मेले, तेव्हा कोठे कामाला वेग आला. तथापि तेव्हा बोलणी करावयास एक जागा अगोदरच तयार होती, ही गोष्ट लहान नाही.

दुधनेला तशी जागा नाही. २००५ च्या कायद्याने पाटबंधारे महामंडळांनाच नदीखोरे अभिकरण असे नाव दिले. त्यामुळे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ धरणेही बांधते आणि खोऱ्याचा कारभारही पाहते असे मानले जाते. त्यात खोऱ्यातील शेतकरी, नगरपालिका आणि कारखानदार यांना आसन नाही. जालना व परभणी या दोन जिल्ह्यांच्या प्रतिनिधींची कायम समिती नेमणे, तिच्यापुढे कुंडलिकेच्या पाण्याची तपासणी आणि भूजलपातळीच्या नोंदी दरमहा ठेवणे, यासाठी जर्मनीच्या पैशाची आवश्यकता नाही. पहिली बैठक येत्या १५ ऑक्टोबरपूर्वी सेलूला भरवावी, आणि जालन्याच्या लोकप्रतिनिधींनी तेथे पाहुणे म्हणून नव्हे, तर माथ्यावरचे शेतकरी म्हणून जावे.