पाचूला यंत्रात घालू नका

लग्नसराई उरकली की दागिने ‘जरा उजळून’ आणायची टूम निघते, आणि बांगड्यांबरोबर पाचूची अंगठीही त्या थरथरणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात जाते. सोन्याचं त्यात काही बिघडत नाही, पाचूचं बिघडतं. मोहसच्या मापावर त्याचा कठीणपणा साडेसात ते आठ, म्हणजे दगड लेचापेचा नाही, पण बहुधा तो जमिनीतून निघतो तोच आतून भेगाळलेला. या भेगा दिसू नयेत म्हणून बाजारातल्या बहुतेक पाचूंत सीडरवुडचं तेल, नाहीतर इपॉक्सीसारखं रसायन भरलेलं असतं. ही लबाडी नव्हे, जुनी रीत आहे (गिऱ्हाइकाला सांगितलं तर!). यंत्राची कंपनं, वाफ, गरम पाणी आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन हा भराव सैल करतात, आणि काल न दिसलेल्या भेगा पांढुरक्या होऊन वर येतात. तेल जाणकाराकडून पुन्हा भरून घेता येतं. वाढलेली चीर मात्र सांधत नाही. घरी कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि अगदी मऊ ब्रश पुरे. घासायचं ते कोंदणाच्या मागून, कारण कणीक आणि क्रीम तिथेच साचतं. भिजत मात्र ठेवू नये, आणि हिऱ्यांच्या डबीत तर नकोच. हिरा त्याला ओरखडतो. आजीच्या कुंदनकामातल्या पाचूला तर पाणीच लावू नका: खड्याखाली चकचकीत वर्ख असतो, तो ओलीने काळवंडतो. तिथे कोरडं सुती फडकंच बरं.