मक्ता, बंदी आणि शपथ

१८५३ साली नागपूरच्या महालातल्या भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि सणासुदीला, लग्नकार्याला, देवाला दाखवून प्यायची जी मोहाची दारू पूर्व विदर्भाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गाळली जात होती, ती हळूहळू इंग्रजी अबकारी खात्याच्या जमेची बाब झाली. भट्टीचा मक्ता लिलावात घेणाऱ्याला आपली बोली वसूल करायची असते. त्याला सणांची वाट पाहून कसे भागावे? गुत्ता बारमाही झाला, पिणेही. १८८० साली पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले दारूदुकानांविरुद्ध बोलले ते याच जमाखर्चाविरुद्ध.

१९२०च्या डिसेंबरात नागपूर काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केले, पुढच्या वर्षी देशभर गुत्त्यांसमोर निरोधने झाली, आणि अबकारीचे उत्पन्न घटले. तरी १९३८ साली मध्यप्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला तेव्हा त्या निरोधनामागची लोकांची उमेद बाजूला पडून अंमलदाराचा दंडुका पुढे आला. मुंबई राज्याच्या १९४९च्या कायद्याचीही तीच गत झाली : हातभट्टी फोफावली, पुढे बंदी सैल झाली, आणि त्याच कायद्याखाली पिणाऱ्याला आजही परवाना लागतो.

या सगळ्या कायद्यांपेक्षा मला १४ ऑक्टोबर १९५६ मोठा वाटतो. महालापासून थोड्याच अंतरावर, आज जिला आपण दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर, बाबासाहेबांनी लाखोंना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा होती. तिच्यामागे ना पोलीस होता, ना दंड. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याच्या निर्धाराशी ती बांधलेली होती, म्हणून असंख्य घरांत ती पाळली गेली. राज्यकर्ते हा धडा लवकर विसरले.

२०२५च्या जूनमध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला गेला. लिलावाची ती जुनी बोली मला त्यात ऐकू येते. बंदीची गोष्टही त्या प्रतिज्ञेहून निराळी नाही : लोक पाठीशी उभे असतील तरच ती टिकते. गडचिरोलीत १९९३ साली, चंद्रपुरात २०१५ साली ती आली, दोन्हीकडे लोकांनी, विशेषतः बायाबापड्यांनी, भांडून मिळवलेली. चंद्रपूरची २०२१ साली उठली, गडचिरोलीची टिकून आहे. तिथे गावसंघटनेच्या बायका आजही नाल्याकाठी लपवलेले, दारूसाठी आंबवलेल्या मोहसडव्याचे ड्रम शोधून उपडे करतात. चंद्रपुरात ते काम बरेचसे पोलिसांवर सोडले गेले होते.