'शाश्वत' की बेगमी?

ब्रंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने जी विकासकल्पना जगभर रूढ केली, तिच्यासाठी भारतीय भाषांनी योजलेले शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. हिंदीने 'सतत' आणि 'टिकाऊ' हे शब्द पत्करले, मलयाळमने 'सुस्थिर'. मराठीने मात्र थेट 'शाश्वत' म्हटले! जो शब्द आपण आत्म्यासाठी राखून ठेवला होता, तो खनिजांच्या पुरवठ्याला लावताना कुणाचीच लेखणी अडखळली नाही, याचे आम्हांस नवल वाटते. वनांविषयी वा मासळीविषयी तो एक वेळ खपून जाईल. ती पुन्हा वाढतात. खनिज एकदाच उपसले जाते.

केरळातील चवऱ्याच्या किनाऱ्यावरची काळी वाळू घ्या. तिच्यातील मोनाझाइटात थोरियम असते आणि विरल मृत्तिकाही. (हे नावही फसवेच. ही मूलद्रव्ये मृत्तिका नव्हेत, धातू आहेत. आणि त्यांतले सेरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते.) त्यांसाठी १९५० मध्ये 'इंडियन रेअर अर्थ्स' ही संस्था स्थापन झाली, १९५२ मध्ये अलुवा येथे कारखाना निघाला. तरीही एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिकांच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घालताच आपले वाहन-उद्योजक हवालदिल झाले. वाळू घरची, चुंबक परका. जपानला हाच धडा २०१० मध्ये मिळाला होता. त्याने ऑस्ट्रेलियातील खाणीत पैसा घातला आणि जुन्या यंत्रांतून हे धातू परत मिळविण्याचे प्रयत्न वाढविले.

आपल्या घरांत यासाठी शब्द होता: बेगमी. पावसाळ्यापूर्वी भरलेले धान्य संपणार, हे तीत गृहीतच असते. म्हणून मापून काढणे आले, काटकसर आली. खनिजाला पुढची सुगी नाही, तेव्हा मोडीत निघालेली यंत्रे हीच सुगी मानावी लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महत्त्वपूर्ण खनिज अभियानाच्या १६,३०० कोटींपेक्षा, त्याच वर्षी सप्टेंबरात पुनर्वापरासाठी मंजूर झालेले १,५०० कोटी आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतात ते यामुळेच.

शासकीय कागदावर 'बेगमी' घरगुती दिसेल, हा आक्षेप आम्ही जाणतो. पण चवऱ्याशेजारच्या अलप्पाडच्या मच्छीमारांनी २०१८-१९ मध्ये वाळूच्या उपशाविरुद्ध आंदोलन केले, ते आपली गावजमीन समुद्र गिळतो आहे म्हणून. 'शाश्वत' म्हटले की ही माणसे दिसेनाशी होतात. बेगमीत मात्र धान्य कुणाच्या कणगीतून काढले, हे विचारावेच लागते.