उभयमान्य तज्ज्ञ पीक उभे असतानाच नेमावा

भाताच्या बियाण्याविषयी तक्रार घेऊन शेतकरी वडगावच्या कचेरीत येतो, तेव्हा त्याचे म्हणणे बहुधा दोहोंपैकी एक असते. दाढेत रोप विरळ उगवले, किंवा इंद्रायणी म्हणून लावलेले खाचर निसवू लागताच त्यात उंच, कुसळदार अथवा आगाऊ निसवलेल्या लोंब्या दिसू लागल्या. खाचर एखाद्या एकराचे असते. एकरी चौदा-सोळा किलो बियाण्याची किंमत ती काय! परंतु ज्याचे वर्षाचे पीकच तेवढे, त्याला हे नुकसान लहान नसते, कारण भेसळीचा तांदूळ इंद्रायणीच्या भावाने कोणी घेत नाही. मग तो दाद मागू पाहतो, आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, दोष बियाण्याचाच होता हे सांगणार कोण?

आज चाललेली रीत अशी की, शेतकऱ्याने आपला तज्ज्ञ आणावा आणि विक्रेत्याने आपला. एक म्हणतो बियाणे सदोष, दुसरा म्हणतो मशागत सदोष. दोघांचा खर्च मागितलेल्या भरपाईशी ताडून पाहिला, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते. लहान दाव्यात उभय पक्षांनी मिळून एकच तज्ज्ञ ठरवावा आणि तो पीक उभे असतानाच ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मला स्वतःच्या चुकीतून आले आहे. नोकरीच्या आरंभी आंदर मावळातील एका खाचराची मी पाहणी केली. विक्रेत्याला बोलावले नाही. भेसळ डोळ्यांना दिसत होती, म्हणून ‘बियाणे भेसळीचे आहे’ असे एका ओळीत लिहून दिले. पुढे विरुद्ध पक्षाने विचारले: गतसाली याच खाचरात कोणता वाण होता? गळून पडलेल्या दाण्यांची रोपे यात नव्हती कशावरून? एका चौरस मीटरात परकी रोपे किती मोजली? माझ्यापाशी एकाचेही उत्तर नव्हते. तोपर्यंत भात कापून झोडून झाले होते. शेतकरी खरा असूनही रिकाम्या हाताने परतला. बैल गेला आणि झोपा केला, असे ते झाले.

भाताच्या बाबतीत पुरावा शेतातच असतो आणि तो फार दिवस टिकत नाही. निसवल्यापासून कापणीपर्यंत जेमतेम एक महिना मिळतो. वाणाची उंची, कुसळे, फुलोऱ्याचा काळ, दाण्याचा आकार ही लक्षणे त्याच काळात ओळखता येतात. उगवणीचे तसे नाही. प्रयोगशाळेत चारशे दाणे घेऊन चौदा दिवसांत भाताची उगवणशक्ती ठरविता येते. प्रमाणित बियाण्यास ती किमान ८० टक्के असावी लागते. मात्र त्यासाठी पिशवीत मूठभर बियाणे शिल्लक हवे.

कायद्याची बाजूही शेतकरीबंधूंनी समजून घ्यावी. बियाणे नियम, १९६८ मधील नियम २३-अ अन्वये शेतकऱ्याने लेखी तक्रार केल्यास बीज निरीक्षकाने पिशवी, खूणचिठ्ठी व शिल्लक बियाण्याचा नमुना ताब्यात घेऊन अपयशाची कारणे शोधावयाची असतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्या अहवालावर कोणत्याही पक्षाला लेखी हरकत घेता येते. सर्व बियाणे पेरून झाले, नमुना उरला नाही, एवढ्याच कारणाने शेतकऱ्याची तक्रार फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले. तथापि त्याच न्यायालयाने २००५ साली हरियाणा बियाणे विकास महामंडळाच्या प्रकरणात असेही म्हटले होते की, पिकातील फरक बियाण्याच्याच दोषाने पडला असे दर वेळी धरता येत नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे कळते की, नमुना नसला तरी चालेल, पण कारणे सांगणारी साक्ष हवी. इंग्लंडमध्ये १९९९ पासून लागू असलेल्या नियमांनुसार लहान दाव्यात न्यायालयाच्या अनुमतीवाचून तज्ज्ञ उभा करता येत नाही, आणि दोन्ही पक्षांनी मिळून एकच तज्ज्ञ घ्यावा असे न्यायालय सांगू शकते. आपल्याकडे हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाचामुखी परमेश्वर मानणाऱ्या गावकऱ्यांना ही कल्पना नवी नाही.

तज्ज्ञ कोण असावा? मावळचे भाग्य असे की, वडगाव आणि लोणावळा या दोन्ही ठिकाणी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे आहेत. इंद्रायणी हा वाण वडगावच्याच केंद्राने १९८७ साली दिला. तेव्हा त्याची लक्षणे तेथील शास्त्रज्ञांपेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार? परंतु वादातील बियाणेच जर एखाद्या केंद्रातून आलेले असेल, तर तेथील माणूस नेमू नये. बियाणे कंपनीचा प्रतिनिधी चालणार नाही, तसाच शेतकऱ्याचा आप्तही चालणार नाही. आणि ज्या अधिकाऱ्याने ते बियाणे घेण्याची शिफारस केली असेल, त्याने स्वतः होऊन बाजूला व्हावे. हे मी माझ्या खात्यातील सहकाऱ्यांना उद्देशूनच लिहीत आहे.

नेमणुकीचे पत्र एका पानाचे पुरे. त्यावर उभयतांच्या सह्या असाव्यात आणि गट क्रमांक, बियाण्याचा लॉट क्रमांक, पाहणीचा दिवस व वेळ लिहावी. प्रश्न नेमका विचारावा. ‘बियाणे वाईट आहे काय?’ असे न विचारता ‘परक्या वाणाची रोपे किती आणि ती बियाण्यातून आली, की गतसालच्या दाण्यांतून?’ असे विचारावे. कागदपत्रे दोघांनी एकमेकांसमक्ष द्यावीत, खर्च निम्मा निम्मा सोसावा आणि अहवालाची प्रत दोघांना एकाच दिवशी मिळावी. तालुक्याची तक्रार निवारण समिती पाहणीस येणार असेल, तर विक्रेत्यास व कंपनीस आगाऊ लेखी सूचना गेली आहे ना, याची खात्री शेतकऱ्याने करून घ्यावी.

यावर काही शेतकरी शंका घेतात, की तज्ज्ञ कंपनीला फितूर झाला तर? शंका अगदीच निराधार नाही. कंपनीचा हात मोठा आणि शेतकऱ्याचा लहान, हे खरे आहे. पण उभयमान्य तज्ज्ञ म्हणजे न्यायाधीश नव्हे. त्याचा अहवाल चुकीचा वाटला तर हरकत घेण्याचा अधिकार कायम राहतो, आणि मोजणी दोघांच्या देखत झालेली असल्यामुळे ती हरकत मुद्द्याची होते. उलट एकट्याने आणलेल्या तज्ज्ञाच्या अहवालावर ‘हा त्यांचाच माणूस’ एवढे एक वाक्य पुरते.

म्हणून शेतकरीबंधूंनी पावती, पिशवी, खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे कापणी होईपर्यंत जपून ठेवावे. खाचरात परकी लोंबी दिसताच त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्यावी आणि विक्रेत्याला सांगावे की, चला, दोघे मिळून जाणता माणूस ठरवू. तो नाही म्हणाला, तर त्याचे ‘नाही’ही लिहून घ्यावे किंवा आपण लेखी कळविल्याची पोच ठेवावी. मात्र विळा चालवण्यापूर्वी हे सर्व झाले पाहिजे.